कॉलरचा माइक बंद होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते तरी कुठे नीट कळतंय?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला सभागृहात पाच मिनिटं बोलायचं होतं. आम्ही घरी मालवणी बोलणारी मुलं. पुस्तकी मराठीत, तेही माइकवर बोलायचं म्हणजे संकटच. मी तर आदल्या दिवसापासून धड जेवले नव्हते. माझ्या आधी सुझानचा नंबर होता. ती शिरोड्याची, तीन वर्षं माझ्याच बाकावर बसणारी — आणि माझ्याहून भित्री. निदान मी तसं धरून चालले होते.

स्टेजमागच्या खोलीत तिच्या कॉलरला माइक लावून ठेवला होता. ती भिंतीकडे तोंड करून स्वतःशीच बोलत होती, लहान पोरीला समजवावं तशी.

“सुझान, घाबरा नको गो. तुका सगळा येता.”

पुन्हा पुन्हा तेच. आणि तिचा आवाज हळूहळू शांत झाला. मला माझं पहिलं वाक्यही आठवत नव्हतं. मला ते बघवलं नाही — काय बिघडवलं होतं तिने माझं?

मी म्हणाले, “गो, माइक चालू आसा. भायर सगळे आयकतत.”

माइक बंद होता. त्याचा दिवा लागलेला नव्हता, मला स्वच्छ दिसत होतं.

बोलून गेले आणि मीच हबकले. हे मी बोलले? मी? तिचं नाव पुकारेपर्यंत चांगला मिनिटभर वेळ होता. गंमत केली गो, एवढंच म्हणायचं होतं. तेही म्हटलं नाही. ती स्टेजवर गेली, समोर बघितलं — पहिल्या रांगेत कुणीतरी कशावर तरी हसत होतं — आणि एक शब्द न बोलता परत आली. मग मी गेले. छान बोलले. टाळ्या पडल्या.

गेल्या महिन्यात शिरोड्याला तिच्या घरी गेले होते. तिची धाकटी बहीण तोंडी परीक्षेला निघताना आरशासमोर स्वतःला धीर देत होती. सुझान आतून धावत आली आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

“मनात म्हण गो. लोक आयकतत.”

मग माझ्याकडे वळून ओशाळं हसली. “तेव्हा तू सांगलंस म्हणान माका कळला तरी.”

 तिने पुढे केलेलं सरबत मी प्यायले.