प्रमाण नसलेला नकाशा

टर्पेंटाइनचा वास आला की अजून तो कचेरीतला दिवस आठवतो. रस्ता रुंद करायला नंदुरबारची आमची गल्ली पाडणार होते; जुनी ठरली तरच ती वाचणार होती आणि तसा पुरावा एकच: एका पेंटरनं तरुणपणी रंगवलेला गावाचा चित्रनकाशा. तो काखेत मारून मी त्या म्हाताऱ्याला जवळजवळ ओढतच कचेरीत नेलं. साहेब हसले. "याला प्रमाण कुठंय? हे घर स्टेशनपेक्षा मोठं?" मी काकुळतीला आलो, "बाबा, सांगा ना काहीतरी!" तो शांतपणे म्हणाला, "ज्यास्नी मले पानी पाजं, त्यास्नं घर मोठं काढं." संपलंच सगळं. गल्ली पडली. नकाशा आज माझ्या भिंतीवर आहे; त्यात आमचं घर तिळाएवढं आहे.