वळून न बघणारं गिऱ्हाईक

दुपार होत आली तरी आत्याच्या चपलांच्या दुकानात भवानी झाली नव्हती. पहिलं गिऱ्हाईक आलं ते परदेशी, उंच, घामाघूम झालेलं. त्याने एक जोड उचलून मोबाइलवर आकडा दाखवला. आत्याने मान हलवली. "न्हाई परवडत."

त्याने जोड हळूच जागेवर ठेवला, हात जोडले आणि तो निघाला.

आत्या निवांत होती. चार पावलं गेल्यावर गिऱ्हाईक वळून बघतं, मग आपण हाक मारायची, हे कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक असतं. हा मात्र वळेचना.

"अगं, खरंच चालला की ह्यो! त्याच्याच भावात देतो म्हणावं. हाक मार, कॉलेजला जातीस न्हवं?"

मी उठून दुकानाच्या दारात आले. त्याची पाठ बघताना मला कॉलेजचं ऑफिस आठवलं. "वसतिगृहात जागा नाही," असं खिडकीतून ऐकलं आणि मीही अशीच 'थँक्यू' म्हणून निघाले होते. बाकीच्या मुली तिथेच रेंगाळल्या आणि त्यांना जागा मिळाली. पहिल्या नकारानंतर थांबायचं असतं, हे त्यांना घरून माहीत असावं. आमच्या घरातलं कुणी त्या खिडकीपर्यंत कधी गेलंच नव्हतं.

तो कोपऱ्यापाशी पोचला. मला इंग्रजीचा एकही शब्द आठवेना.

"ओ दादा, या की माघारी!" मी ओरडले.

तो थांबला, वळला. 'मला?' असं विचारल्यासारखं त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी 'हो, हो' म्हणत जोरजोरात मान डोलावत राहिले.