भीती मोजणाऱ्या मॅडम

"पावशेर," असं म्हणून मॅडम छातीवर तळहात ठेवायच्या आणि मगच उसात शिरायच्या.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दुधाबद्दल बोलतायत. सायखेड्याच्या पुढे गोदाकाठच्या एका बांधावर आम्ही दोघी उभ्या होतो. समोर डोक्याच्या वर गेलेला ऊस.

"काय पावशेर, मॅडम?"

"भीती गं. आज पावशेरच आहे. अच्छेर असती तर आधी चहा घेतला असता. शेरभर असती तर सरळ घरी. तुझी किती?"

"पायलीभर," मी म्हटलं.

"मग माझ्या मागे राहा."

तुम्ही आमच्या भागातले असाल तर बिबट्याबद्दल वेगळं सांगायला नको. तो आता जंगलात कमी आणि उसात जास्त राहतो. शहरात गंगापूर रोडच्या बंगल्यांतही कधीमधी कॅमेऱ्यात दिसतो, मग दोन दिवस कुणी सकाळी फिरायला जात नाही. त्याच रस्त्यावरच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत मदतनीस होते आणि मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई. पालीला घाबरायच्या. लिफ्टला घाबरायच्या. स्कूटरवर माझ्यामागे बसल्या की माझी ओढणी घट्ट धरून ठेवायच्या. आणि काम कसलं, तर बिबट्याची विष्ठा गोळा करायची आणि त्यातून तो किती घाबरलाय ते शोधायचं.

मला त्यांनी ते असं समजावलं होतं. जनावर घाबरलं की त्याच्या अंगात एक हार्मोन वाढतं, आपल्या वाढतं तसंच. रक्तात ते सापडतं. पण रक्त काढायचं तर जनावर पकडायला हवं. "आणि पकडलं की ते घाबरणारच. म्हणजे आपणच भीती घालायची आणि आपणच मोजायची. त्यापेक्षा शी बरी. काल त्याच्यावर काय गुजरलं, ते आज त्याच्या शीत उतरतं."

गावातली पोरं त्यांना 'शीवाल्या मॅडम' म्हणायची. त्याचं त्यांना काही वाटत नसे. एकदा नाक्यावर पोलिसांनी आमचा बर्फाचा डबा उघडायला लावला. "मासे का?" हवालदारानं विचारलं. मॅडमनी खरं ते सांगितलं. त्यानं झाकण इतक्या घाईनं लावलं की त्याचंच बोट चेंगरलं. मॅडमनीच मग त्याला डब्यातला बर्फ बोटावर धरायला दिला. त्यानं तो घेतला नाही.

हसण्याचे दिवस एवढेच. बाकी आठवतं ते घाबरणंच.

एका सकाळी उसाच्या सरीत वाकून चाललो होतो. मॅडम थबकल्या. पुढ्यात विष्ठा पडली होती आणि तिच्यातून अजून वाफ निघत होती. मला वाटलं, चला, ताजी मिळाली. मॅडमचा चेहरा मात्र पांढरा पडला. ताजी म्हणजे ती टाकणारी जवळच आहे, हे मला मागाहून कळलं. उजवीकडे पाचट वाजलं आणि घशातल्या घशात, खालच्या पट्टीतली एक गुरगुर आली. ती कानाला ऐकू येण्याआधी पोटात जाणवली. मॅडमनी माझं मनगट धरलं. "पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. माझ्याबरोबर मागे ये." आम्ही उलट्या पावलांनी मागे सरकत राहिलो. उसाची पानं गाल कापत होती. मी कुठल्या देवीला काय नवस बोलले ते आठवत नाही. पण वणीला नंतर जाऊन आले.

बांधावर पोचल्यावर मॅडम मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मॅडम, ती शी राहिली की."

"राहू दे. आपल्याला बघून तीही घाबरली असेल गं. पिल्लं असतील तिची."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच शिवारात एका मुलीवर हल्ला झाला. ईश्वरी तिचं नाव, तिसरीतली. दिवेलागणीला गोठ्याकडे गेली होती. आईनं आरडाओरडा करून दगड मारले म्हणून वाचली. खांद्यावर टाके पडले. वनखात्यानं पिंजरा लावला आणि एका सकाळी मादी सापडली.

आम्ही पोचलो तोवर अख्खा गाव लोटला होता. पिंजऱ्यावर काठ्या आपटत होत्या. मोबाइल वर धरलेले. आत मादी गजांवर धडका देत होती, तिचं नाक फुटलं होतं. तिच्यापेक्षा मला त्या गर्दीची भीती वाटली. कुणीतरी दगड उचलला की पुढचं काही कुणाच्या हातात राहणार नव्हतं. वनखात्याची माणसं मोजकीच होती, ती लोकांना मागे रेटत होती. मॅडम गर्दीतून घुसल्या आणि आपली शाल पिंजऱ्यावर टाकायला लागल्या. जनावराला माणसं दिसेनाशी झाली की ते शांत होतं. शाल दोनदा खाली पडली, दोनदा त्यांनी ती उचलून पुन्हा टाकली.

तेवढ्यात एक माणूस समोर आला. ईश्वरीचे वडील.

"बाई, तुमी या जनावराची भीती मोजत्या ना? माझी पोर उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाय. झोपंत किंचाळती. तिची भीती कोन मोजनार?"

मला वाटलं, मॅडम आता काहीतरी शास्त्रातलं सांगतील. त्यांनी पिंजऱ्यावरची शाल नीट केली. मग म्हणाल्या, "दादा, मला तिच्याकडे न्याल?"

ईश्वरी आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीमागे बसली होती. मॅडम तिच्यापासून जरा लांब जमिनीवर बसल्या. घाबरू नको, असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

"मला पण उसाची भीती वाटते," त्यांनी सांगितलं. "तुला किती वाटते?"

कोठीमागून आवाज आला. "पोतंभर."

"बाप रे. मग आज इथंच बसू."

दर रविवारी त्या जायला लागल्या. मी स्कूटरवरून सोडायचे. ईश्वरी आधी उंबऱ्यापर्यंत आली, मग ओट्यापर्यंत. एका रविवारी तुळशीपाशी उभी राहून म्हणाली, "आज घमेलंभर हाय." मॅडमना स्वतःचा शोधनिबंध छापून आल्याचा झाला नसता एवढा आनंद झाला.

पिंजऱ्यातल्या मादीच्या विष्ठेची तपासणी मधल्या काळात झाली. उसात आधी गोळा केलेल्या नमुन्यांपेक्षा तिच्यात ते हार्मोन कितीतरी जास्त होतं. मॅडमनी तपासणीचा कागद बराच वेळ हातात धरला. "ईश्वरी काय नि ही काय, दोघी सारख्याच घाबरल्या गं," एवढंच म्हणाल्या. मादीला लांबच्या जंगलात नेऊन सोडलं. पुढे तिचं काय झालं, कळलं नाही.

ईश्वरीनं पुन्हा शाळेत जायचा दिवस ठरला. मॅडमनी रजा घेतली. शाळेची वाट उसाला लागून होती. मध्ये ईश्वरी, एका बाजूला मॅडम, मागे मी आणि तिचे वडील. निम्म्या वाटेवर ऊस सळसळला आणि काहीतरी पिवळं अंगावर आलं. मॅडम अशी किंकाळी फोडून खाली बसल्या की समोरच्या बाभळीवरचे बगळे उडाले.

ईश्वरी जागची हलली नाही. तिनं वाकून मॅडमचा हात धरला.

"ओ मॅडम, उठा. कुत्रं हाय. आमच्या चुलत्याचं."

मॅडमनी डोळे उघडले. चष्मा वाकडा झालेला. ते बघून ईश्वरी हसायला लागली आणि तिचे वडील तोंड फिरवून डोळे पुसायला लागले. पुढची सगळी वाट ईश्वरीनंच मॅडमना हाताला धरून नेलं.

गेल्या वर्षी मॅडमना पोटाचं दुखणं निघालं. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ परदेशी. शेवटपर्यंत मीच त्यांच्याजवळ बसत होते. शोकसभेत सगळे बोलले, त्या मरणाला मोठ्या धैर्यानं सामोऱ्या गेल्या. तसं नव्हतं. त्या फार घाबरल्या होत्या. "घाबरू नका" म्हणणाऱ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "असं सांगून ती जाते का हो?" माझा हात सोडत नसत. मी चहाला उठले तरी दारापर्यंत डोळ्यांनी येत. हे मी मुद्दाम लिहितेय. त्या जशा होत्या तशा कुणाच्या तरी लक्षात राहाव्यात.

त्या गेल्याचं सांगायला मी ईश्वरीच्या घरी गेले. ती आता सहावीत आहे, उंच झालीय. तिनं ऐकून घेतलं. निघताना ऊन उतरलं होतं आणि माझी स्कूटर लांब डांबरी रस्त्यावर लावलेली. "मी येते सोडाया," म्हणाली.

आम्ही निघालो. उसाच्या बाजूनं ती चालत होती. चालता चालता तिनं विचारलं,

"मॅडमना लय भ्या वाटलं का?"

"हो गं."

"मग जवळ कोन होतं?"

"मी होते."

"सोडलं नाय ना?"

"नाही सोडलं."

"मग ठीक हाय," ती म्हणाली, आणि स्कूटर सुरू होईपर्यंत तिथंच उभी राहिली.