पुढे चालणारा

आगरदांड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत गाड्या चढवणारा एक माणूस उलटा चालतो. गाडीकडे तोंड, बोटीकडे पाठ, दोन्ही हात छातीसमोर. त्याचं नाव मी विचारलं नाही.

माझ्या हातून झालेल्या अपघातात बायकोचा पाय मोडला होता. त्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदाच गाडी चालवत तिला माहेरी, श्रीवर्धनला नेत होतो. धक्क्याच्या उतारावर खाली पाणी दिसलं आणि मी ब्रेक दाबून बसलो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. तो त्यांच्यावर ओरडला, "गप रे! बोट काय पलून चालली हाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, पाण्याकडं नका बघू. माज्याकडं बघा." त्याच्या डोळ्यांकडे बघत मी गाडी चढवली.

बोट सुटल्यावर तो माझ्याजवळ येऊन बोलत उभा राहिला. आधी तो उरणकडे बापासोबत मिठागरावर राबायचा. मग फौजेत ड्रायव्हर झाला. लढाईत रात्री डोंगरातून, दिवे न लावता, दारूगोळ्याचा ट्रक न्यायचा. पुढे एक जोडीदार पाठीला पांढरा रुमाल बांधून चालायचा.

"भीती नाही वाटायची?" मी विचारलं.

"वाटायची की. पन रुमाल दिसायचा, म्हनून गाडी जायची. त्यो गेला, मी ऱ्हायलो. आता पुढं मी चालतो."

मी त्याचा कोणी लागत नव्हतो, तरी तो माझ्याही पुढे चालला. पलीकडच्या काठावर, दिघीला उतरताना आभार मानायला काच खाली केली, तर त्याने हसून हातानेच 'निघा' म्हटलं.

पुढच्या वळणांवर मी शेजारी पाहिलं. अपघातापासून गाडीत डोळे न मिटणारी माझी बायको गाढ झोपली होती.