मार्लिसचा लांब टाका

शिवणकामात मार्लिसचा हात पहिल्यापासूनच जड. अमेरिकेत डकोटातल्या त्या गव्हाच्या गावात दर गुरुवारी बायका चर्चच्या तळघरात गोधड्या शिवायला जमत, तेव्हा ती आपली कॉफी करायची. मग समानतेचा कायदा आला. कोणालाही कमीपणा वाटता कामा नये, म्हणून ज्या कामात जो सर्वांत कच्चा, त्याचं माप सगळ्यांना लागू. गावातला सर्वांत लांब टाका मार्लिसचा. तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांनी तो पितळी पट्टीवर मोजला आणि त्याहून बारीक टाका घालणं गुन्हा ठरला.

मार्लिसला यात मान वाटावा, अशी सरकारची अपेक्षा. तिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोधड्या पहिल्याच धुण्यात उसवत, कापूस पायाशी गोळा होई आणि हिवाळाभर पोरं कुडकुडत. तिला कोणी बोलत नसे, कारण बोलणंही कायद्यात बसत नव्हतं. "छान झालंय हं," असं सगळ्या गोड हसून म्हणत आणि तेच तिला जास्त लागे.

शेजारची इडेला तिची जन्माची मैत्रीण. बारीक टाक्यात तिचा हात धरणारी अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. त्या उन्हाळ्यात एकदा कॉफीचा कप उचलताना इडेलाची बोटं आखडली.

"नाताळात कारीनचं लग्न," ती म्हणाली. कारीन तिची नात. "तिला एक गोधडी द्यायची होती गं, टिकेल अशी. पुढच्या वर्षी ही बोटं सुईसुद्धा धरायची नाहीत."

"मग शिव की."

"शिवू कशी? तुझ्या त्या..." इडेलाने जीभ चावली. "छान असतात हं तुझे टाके."

मार्लिस घरी आली ती तणतणतच. शिकवणीला बंदी होती. शिकवणं म्हणजे समोरच्याला कमी लेखणं! तिने पलंगावरची सासूची गोधडी ओढली, कायद्याच्या आधीची. सासू जिवंत असताना दोघींचं एक दिवस पटलं नव्हतं. आता हीच सून रोज दुपारी कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसून सासूची एकेक ओळ उसवू लागली आणि त्याच जुन्या भोकांतून सुई घालून पुन्हा शिवू लागली. बोटं रक्ताळली. सासूला घातलेल्या शिव्या कोंबड्यांनी ऐकल्या. पण पानगळ लागेपर्यंत साध्या, कोऱ्या कापडावरही तिचा हात त्याच चालीने चालायला लागला.

दरवर्षीच्या तपासणीच्या दिवशी तेवढं प्रत्येकीने आपल्या परीने उत्तम शिवायचं असे, म्हणजे सर्वांत कच्ची कोण ते ठरे. टॉलेफसन साहेबांनी मार्लिसच्या ओळीवर पट्टी ठेवली. मग चष्मा पुसून पुन्हा ठेवली.

"कोणी शिकवलं?"

"सासूने."

"बोलवा त्यांना."

"टेकडीवर पुरलंय. तुम्हीच हाक मारून बघा, माझं तर कधी ऐकलं नाही त्यांनी."

मागे कोणीतरी खोकल्यासारखं करून हसलं. मेलेल्या बाईवर खटला कसा भरायचा, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. साहेब पुढे सरकले. सर्वांत लांब टाका आता पाद्र्याच्या बायकोचा निघाला आणि तो तसा बराच बारीक होता. त्या मापाने गोधडी टिकणार होती. इडेलाचा जीव भांड्यात पडला. ती पदराआड लपवावं तसं एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. पाद्र्याची बायको लालबुंद झाली होती. जाता जाता ती मार्लिसच्या कानाशी लागली, "ती सासूबाईंची गोधडी जरा देशील का गं?"

पुढच्या गुरुवारी कॉफी दुसऱ्याच कोणीतरी केली. कारीनच्या गोधडीभोवती बायका बसल्या आणि त्यांत मार्लिसही बसली. इडेला तिच्या ओळीवरून बोट फिरवत आली, मध्येच थांबली.

"हे काय गं? वाकडी गेलीस की! उसव सगळं."

मार्लिसचे डोळे भरून आले. किती वर्षांनी कोणीतरी तिला रागावलं होतं.

"उसवते," ती म्हणाली आणि कात्रीसाठी हात पुढे केला.