मावशींच्या मशीनचा ब्रश
तिरोड्यात माझ्या शेजारच्या खोलीत ब्लाऊज शिवणाऱ्या मावशी राहायच्या, लॅपटॉप बंद पडला त्या दिवशी त्याच धावून आल्या. अजूनही दिव्याखाली किडा चिरडल्याचा उग्र वास आला की ती संध्याकाळ आठवते. नववीत शाळा सोडून मी घरापासून इतक्या लांब, ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात लागलो होतो. धान पिकायचे दिवस होते, खोलीसमोरच भाताची खाचरं होती. मालकाने विश्वासाने दिलेला लॅपटॉप घेऊन मी संध्याकाळी दाराशी बसलो, तर पडद्याच्या उजेडावर हिरव्या किड्यांचा थवाच उतरला. मी हाताने झटकत राहिलो आणि लॅपटॉप एकदम बंद पडला. बटण दाबलं की क्षणभर उजेड यायचा, लगेच जायचा. आता नोकरी जाणार, घरी काय तोंड दाखवू, या विचाराने डोळे भरून आले. "काऊन रडून राहिला बाबू?" मावशींनी विचारलं. मी लॅपटॉप पुढे केला. "धानाच्या बांधीपाशी उजेड करून बसला, मंग किडे नाही त का पाहुणे येतीन? माह्या मशीनमंदीबी घुसतेत." त्यांनी शिलाई मशीनचा बारका ब्रश आणि सुई आणली, बटणाच्या फटीतून चिरडलेला किडा उकरून काढला. त्याच्यामुळे दबून अडकलेलं आणि लॅपटॉप पुन्हा पुन्हा बंद करणारं बटण वर आलं. "तेल टाकू का थेंबभर?" मी घाईने नको म्हटलं आणि बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला, सुरूच राहिला. आता मी आणखी लांब, भिवंडीच्या गोदामात आहे. गुडघे दुखत असूनही मावशी पायानेच मशीन चालवायच्या. त्या मशीनला एक दिवस मी स्वतः जाऊन मोटर बसवून देणार आहे.