फोटोतला मफलर

आमच्या निरवांगीच्या भिवातात्यांनी त्या दिवशी मला वाचवलं. श्रीलंकेच्या डोंगरातल्या या हॉटेलात मी खोल्या आवरतो. आज ओली ब्लँकेटं वाळत घालून हात भरून आले, आणि त्या लोकरीच्या वासानं मी मनानं बारामतीच्या ट्रॅव्हल ऑफिसात जाऊन पोचलो.

नववीतून शाळा सुटलेली, नोकरीचा पहिलाच महिना. "एक चूक झाली की घरी," असं मालकांनी बजावलेलं. इंदापूर तालुक्यातली दहा म्हातारी माणसं याच डोंगरात सहलीला येणार होती. बेट म्हणजे उकाडाच, असं धरून मी पंख्यांचं, चारी बाजूंनी वारं खेळणारं हॉटेल निवडलं.

तात्या त्याच सहलीतले. उभा जन्म मेंढरांमागं रानोमाळ काढलेला. ऑफिसात आले तेव्हा खांद्यावरचं घोंगडं सावरत त्यांनी हॉटेलचा फोटो डोळ्यांजवळ धरला.

"ह्यो दारावरचा गडी बघ. कानाला मफलर हाय."

"फॅशन असंल, तात्या."

"भरदुपारी? सावली पायाखाली हाय त्याची. तितं गारठा हाय, बाबा. तुझ्या फॅशनपायी आमी काकडून मरू. गरम पाण्याचं इचार."

मी फोन लावला. गरम पाणी नव्हतंच. हॉटेल बदललं. मालकांपाशी तात्या अवाक्षर बोलले नाहीत.

तेव्हा नोकरी वाचली एवढंच कळलं. आता इथल्या पहाटे अंगात थंडी शिरते, तेव्हा त्या दहा जणांचे चेहरे आठवतात.

तात्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, असं घरून कळलं. दोन वर्षांत मला सुट्टी मिळालेली नाही. मिळाली की त्यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे मीच नेणार आहे, जिना असला तर पाठीवर घेऊन.